नव्वद तास काम, मग आजारी माणसाजवळ कोण बसणार?

२०२५च्या जानेवारीत एल अँड टीचे चेअरमन सुब्रह्मण्यन आठवड्याला नव्वद तास कामाबद्दल बोलले, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असं म्हणाले, आणि आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर नुसता मीम्सचा पाऊस. त्याआधी २०२३ला इन्फोसिसवाल्या नारायण मूर्तींचे सत्तर तास होऊन गेलेच होते. मीपण हसले असते, पण तेव्हा मी खरंच नवऱ्याकडे बघत बसलेली होते. स्ट्रोकनंतर त्याला गिळताना ठसका लागायचा, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यायचं, त्यामुळे जेवताना समोर बसून एकेक घास खाली उतरला का ते बघायचं, मोबाईल हातात घ्यायचा नाही. एका जेवणाला पाऊण तास. हे नव्वद तासात कुठं बसवायचं ते कुणी सांगत नाही.

मी जर्मनीत श्टुटगार्टला असते. इथं घरच्या माणसाचं अचानक काही झालं तर वर्षाला १० दिवस कामावरून सुटता येतं आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग विम्यातून मिळतो. कंपनीत १५ पेक्षा जास्त लोक असतील तर सहा महिने रजा, पण बिनपगारी. कंपनी आणखी मोठी असेल तर दोन वर्षांपर्यंत तास कमी करून घेता येतात, आठवड्याला किमान १५ तास काम करायचं, आणि या काळात नोकरीवरून काढता येत नाही. पगार अर्धा होतो हो, घरभाडं अर्धं होत नाही. सरकार बिनव्याजी कर्ज देतं, म्हणजे शेवटी फेडायचं आपणच.

आणि ती लांबची रजा किंवा कमी तास मिळण्याआधी विम्याकडून घरी तपासणीला बाई येतात, पेशंटला किती मदत लागते त्यावरून १ ते ५ ग्रेड ठरते. आमचे साहेब त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, बटणं मी लावलेली. बाईंनी विचारलं, बाथरूमला एकटे जाता का? हे म्हणाले हो. पाहुणे आल्यावर आपण सगळं छान चाललंय म्हणतो ना, तसं. मग मला त्याच्यासमोर सांगावं लागलं की नाही जात, रात्री मी उठते. तो माझ्याकडे बघेना. कायदा चांगला आहे, पण त्याचा फॉर्म भरायला नवऱ्याला चारचौघात लहान करावं लागतं.

घरून फोन आला की दादाचं एकच, "तिकडं कोण हाय तुला? ये की इकडं, माणसं हायेत." आहेत, खरंय. इथं शेजारी पार्सल घेऊन ठेवतात, त्यापुढं काही नाही. पण ती माणसं म्हणजे नेमकी कोण? वहिनी बार्शीला केमोला जायच्या तेव्हा सोबत कोण जायचं, तर त्यांची धाकटी बहीण, शाळेतली हंगामी नोकरी सोडून. दादा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, त्याला सुट्टी मिळाली ती शेठच्या मर्जीवर. ईएसआय, म्हणजे कामगार विमा आहे, वहिनींना उपचार मिळतात, पण आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी पडला तरच. बायकोजवळ थांबायचं त्यात बसतच नाही. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, फार मोठी गोष्ट आहे ती, पण सोबत बसणाऱ्याचा खाडा कोण भरणार?

आमच्या लहानपणी अशोक चौकाच्या बाजूला एक काकू होत्या, नवरा यंत्रमागावर काम करून छातीच्या दुखण्यानं खंगलेला, अंथरुणावर. काकू कारखान्यातून पान-तंबाखू आणायच्या आणि त्याच्या उशाशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. तो खोकला की सूप खाली, पाठ चोळायची, परत सूप वर. जितक्या विड्या तितके पैसे. आता लॅपटॉपवर करतो त्याला आपण वर्क फ्रॉम होम म्हणतो आणि पॉलिसी मागतो, काकूंचं मात्र गल्लीत कौतुक व्हायचं, नुसतं कौतुक.

मी तास कमी केले तर घरी एकदम पटलं, उलट सोडूनच दे म्हणाले. मी आजारी असते आणि नवऱ्यानं तास कमी केले असते तर? मग हेच लोक म्हणाले असते, त्याची नोकरी कशाला घालवता, तुझी बहीण येईल की. बाईचा पगार कायम वरचाच धरलेला.

म्हणून मला ते किती तास काम करावं हे भांडण अर्धंच वाटतं. सत्तर-नव्वदच्या मागं घरात फुकट राबणारं कुणीतरी धरलेलं असतं. इथल्या कायद्यातलं काही उचलायचंच असेल तर पहिल्यांदा ते पगारी दहा दिवस उचला, नवरा असो की बायको, आणि पीसवर काम करणाऱ्यांनापण त्यात घ्या, नाहीतर सोलापुरात त्याचा उपयोग किती जणांना? दादाला हे सांगितलं तर म्हणाला, आधी दिवाळीचा बोनस वेळेत होऊ दे, मग बघू.