वाचलेलं म्हणे दहाच टक्के लक्षात राहतं!

माझी धाकटी बहीण तालुक्याच्या गावी एका कॉलेजात बी.कॉम.ला अकाउंट्स शिकवते. दिवसा नोकरी करून परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी तिने एक ऑनलाइन कोर्स उभा केलाय. रेकॉर्ड केलेले तास, प्रत्येक तासाच्या चार-पाच पानी नोट्स आणि सोडवायला उदाहरणं. परवा तिचा फोन. "ताई, नोट्स काढून टाकू का गं? वाचलेलं दहाच टक्के लक्षात राहतं म्हणे."

म्हणे म्हणजे कोण म्हणे? तर स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. 'ऑनलाइन कोर्स इंटरॅक्टिव्ह करण्याची सहा वैज्ञानिक सूत्रे'. खाली पंधरा-वीस अंगठे आणि वरिष्ठांची ओळ, "सर्वांनी अंमलबजावणी करावी". हाच मजकूर मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

सहा सूत्रं अशी. माणसाला वाचलेलं १०, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं, म्हणून वाचन कमी करून कृती वाढवा. आजच्या मुलांचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. व्हिडिओ सहा मिनिटांवर नको. विद्यार्थी 'बघून शिकणारे', 'ऐकून शिकणारे' आणि 'करून शिकणारे' असे तीन जातींचे, तेव्हा प्रत्येक धड्याच्या तीन आवृत्त्या करा. लाइव्ह तासाला कॅमेरा सक्तीचा. आणि शेवटी गुण, बॅज, लीडरबोर्ड म्हणजे कोण कितव्या नंबरावर याची यादी.

टक्क्यांपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करताहेत. हे आकडे नेहमी एका त्रिकोणात रंगवलेले असतात आणि खाली नाव असतं एडगर डेल यांचं. हे गृहस्थ खरे आहेत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ते शिकवत आणि १९४६ साली दृक्‌श्राव्य साधनांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी 'अनुभवांचा शंकू' काढला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द. त्या शंकूत टक्के नाहीत. एकही नाही. शिवाय ही चांगल्या-वाईटाची उतरंड समजू नका, असं पुढे डेल यांनी स्वतःच बजावलं होतं. टक्के छापून आले ते १९६७ साली, चित्रफितींच्या धंद्यातल्या एका मासिकात, ट्रायक्लर नावाच्या गृहस्थांच्या लेखात. प्रयोग कुणी केला, कुणावर केला, याचा तिथे पत्ता नाही. नंतर कुणीतरी ते आकडे उचलून डेल यांच्या शंकूवर चिकटवले आणि त्रिकोण जगभर फिरू लागला. याचीच दुसरी आवृत्ती अमेरिकेतल्या एनटीएल या प्रशिक्षण संस्थेच्या नावावर चालते. अभ्यासकांनी त्या संस्थेकडे मूळ संशोधन मागितलं, तर उत्तर आलं की आकडे बरोबर असल्याचा आमचा विश्वास आहे, पण मूळ संशोधन आता आमच्याकडे नाही.

अहो, नुसते आकडे तरी नीट बघा! १०, २०, ३०, ९०. माणसाच्या स्मरणशक्तीने इतके गोल आकडे कधीपासून द्यायला सुरुवात केली? लक्षात राहतं म्हणजे किती दिवसांनी? तासाभराने की परीक्षेच्या दिवशी? काय वाचलं होतं, कविता की वस्तू व सेवा कराचं परिपत्रक? वाचणारा कोण, आठवीतला पोरगा की सनदी लेखापाल? आणि वाचणं वेगळं, करणं वेगळं, ही वाटणी कुणी केली? घसाऱ्याची, म्हणजे वापराने कमी होणाऱ्या किमतीची, नोंद 'करायची' तर आधी उदाहरण वाचावंच लागतं ना?

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण या त्रिकोणाच्या नावाखाली नोट्स काढून टाकायला सांगताहेत आणि तिथे माझं डोकं फिरतं. दिवसाचा दीड जीबी डेटा पुरवून वापरणाऱ्या मुलाला कोर्समधली सगळ्यात भरवशाची गोष्ट कुठली असेल, तर ती पीडीएफ. एकदा उतरवून घेतली की एसटीत वाचता येते, झेरॉक्स काढता येते, रेंज नसलेल्या घरी रात्री उघडता येते. ती काढायची आणि त्या जागी काय, तर ओढून जुळवा, चक्र फिरवा, फुगे फोडा.

आणि कागद म्हणजे आपोआप निष्क्रिय, हे तरी कुणी ठरवलं? इग्नू हे मुक्त विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं तेव्हा आपल्याकडे इंटरनेट कुठे होतं? इग्नूच्या छापील पुस्तिका उघडून बघा. दोन-चार पानं झाली की चौकट येते, आपली प्रगती तपासा. खाली उत्तर लिहायला रिकाम्या ओळी, आणि घटकाच्या शेवटी उत्तरं ताडून बघायची सोय. विद्यार्थी वाचतो, थांबतो, आठवतो, लिहितो, चूक पकडतो. इंटरॅक्टिव्ह आणखी काय असतं? सरकारच्या 'स्वयम' मंचावर २०१७पासून जे कोर्स येतात त्यांचा आराखडाही चार भागांचा आहे: व्हिडिओ, उतरवून घेता येणारं वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि शंकांसाठी चर्चामंच. वाचन त्यातून कुणी वगळलेलं नाही.

मग खरंच उपयोग कशाचा होतो? यावर एक प्रयोग मला कुठल्याही त्रिकोणापेक्षा मोलाचा वाटतो. हार्वर्डमधल्या कार्ल स्पुनार, नोव्हल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. विषय आपल्या कामाचाच, ऑनलाइन व्याख्यान. संख्याशास्त्राचा एकवीस मिनिटांचा व्हिडिओ चार तुकड्यांत दाखवला. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर त्यावरचे छोटे प्रश्न सोडवायला लावले. दुसऱ्या गटाला तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते दाखवले. तिसऱ्याला मधल्या वेळात भलतीच गणितं दिली. आणि अधूनमधून सगळ्यांना विचारलं, आत्ता लक्ष व्याख्यानात आहे की दुसरीकडे? प्रश्न न सोडवणाऱ्यांचं लक्ष सुमारे ४० टक्के वेळा भरकटलेलं सापडलं, सोडवणाऱ्यांचं १९ टक्के वेळा. सोडवणाऱ्यांनी टिपणं जवळपास तिप्पट काढली आणि शेवटच्या चाचणीतही तेच पुढे राहिले.

यातला दुसरा गट विसरू नका. प्रश्न तेच, उत्तरं समोर, आणि तरी फायदा नाही. म्हणजे पडद्यावर काहीतरी हललं, काहीतरी दाबलं, एवढ्याने काही होत नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या डोक्यातून उत्तर बाहेर काढावं लागलं पाहिजे. त्याला फुगे लागत नाहीत. "व्हिडिओ थांबव, वहीत नोंद लिही, मग पुढे बघ" एवढं वाक्यही पुरतं.

आता सहा मिनिटांचं. इथे मला, नाइलाजाने का होईना, थोडं मान्य करावं लागेल. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या मंचावरच्या चार कोर्सांमधल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली गेली, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे पाहणारे सहा मिनिटांच्या आतच उठतात, असं दिसलं. वरच्या प्रयोगातले तुकडेही पाच-साडेपाच मिनिटांचेच होते. तेव्हा तुकडे करा, माझी ना नाही. पण त्या अभ्यासात किती वेळ पाहिलं ते मोजलंय, किती शिकलं ते नव्हे. चाळीस मिनिटांचा कंटाळवाणा तास सहा जागी कापला तर सात कंटाळवाणे तुकडे मिळतात, बाकी काही नाही. तुकड्यांच्या मध्ये प्रश्न आहे का, हे फॉरवर्डात कुठेच नाही.

गोल्डफिशवर शाई घालवायची इच्छा नाही. तो आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या २०१५च्या जाहिरातविषयक अहवालातून पसरला. अहवालाने तो एका आकडेवारीच्या संकेतस्थळावरून उचलला होता आणि त्यामागचं संशोधन शोधणाऱ्यांना सापडलं नाही. आठ सेकंद लक्ष टिकणारी हीच पोरं आयपीएलचा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत बघतात.

तीन जातींच्या विद्यार्थ्यांचंही तेच. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन चाळून काढलं. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माणसांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच. पण नकाशा सगळ्यांनीच बघावा लागतो आणि उच्चार सगळ्यांनीच ऐकावा लागतो. आधीच रात्री जागून एक आवृत्ती करणाऱ्या बाईला तीन करायला सांगणाऱ्याने, त्यातल्या दोन स्वतः कराव्यात.

कॅमेरा सक्तीचा, हे वाचून मात्र वाईट वाटलं. एका खोलीत पाच माणसं, मागे आई भाकऱ्या थापतेय, बाजूला आजोबा झोपलेत, आणि मुलीने सगळ्या वर्गाला ते दाखवायचं? कॉर्नेल विद्यापीठात २०२०मध्ये कॅमेरा बंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांना कारणं विचारली. आपण कसे दिसतोय याची काळजी, मागे दिसणारी घरची माणसं आणि जागा, कमकुवत इंटरनेट, ही त्यांतली ठळक. ही अमेरिकेतली मुलं. इथे त्यात संपत आलेल्या डेटाची भर घाला. आणि चेहरा दिसला म्हणजे लक्ष आहे, असं वर्गातसुद्धा कधी नव्हतं. मागच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे.

लीडरबोर्डने पहिले पाच खूश होतात. रात्रपाळी करून आलेला अठ्ठेचाळिसावा आपलं नाव एकदा बघतो आणि पुन्हा लॉगिन करत नाही. बॅज हवे तर द्या, कुणाचं काही बिघडत नाही.

बहिणीला मी सांगितलं, नोट्स राहू दे, फक्त त्यांत प्रश्न पेर. आणि चुकीचे पर्याय मनाने बनवू नकोस, मुलांच्या उत्तरपत्रिकांतून उचल. यंत्रावरच्या घसाऱ्याची नोंद करताना घसारा खातं नावे (डेबिट) आणि यंत्र खातं जमा (क्रेडिट) करायचं असतं. बरीच मुलं हे उलट करतात, कारण यंत्र ही मालमत्ता आणि मालमत्ता नावे, एवढंच डोक्यात पक्कं असतं. मग तो उलटा पर्याय निवडणाऱ्याला नुसतं लाल 'चूक' दाखवून काय उपयोग? "मालमत्ता वाढली की नावे. इथे तिची किंमत कमी होतेय" ही ओळ त्याला त्याच क्षणी मिळायला हवी. साध्या गूगल फॉर्मात प्रत्येक प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरासाठी असा अभिप्राय लिहिता येतो आणि तो फॉर्म साध्या स्मार्टफोनवरही उघडतो.

ती म्हणाली, "पण जी मुलं वहीत नोंद लिहून तिचा फोटो पाठवतील त्यांना उत्तर मलाच द्यावं लागेल ना?" लागेलच. एकेका वहीला तीन मिनिटं धरली तरी साठ मुलांचे तीन तास होतात, दर आठवड्याला. कॉलेजच्या कार्यभारात रेकॉर्डिंगचे तास मोजलेत, उत्तरं देण्याचा एकही मोजलेला नाही. 'सर्वांनी अंमलबजावणी करावी' लिहिणाऱ्यांनी आधी तेवढे तीन तास वेळापत्रकात टाकावेत.