पोरगी सोरोरिटीत गेली म्हणून काय बिघडलं?

माझी भाची टेक्सासमधल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकते. हिजाब घालते, नमाज चुकवत नाही, आणि गेल्या ऑगस्टपासून एका सोरोरिटीची सदस्य आहे. ग्रीक अक्षरांचा टी-शर्ट, आतून पूर्ण बाह्यांचा टॉप, डोक्यावर त्याच रंगाचा स्कार्फ असा तिचा फोटो आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि एकच गदारोळ उठला. "शरीफ घरच्या मुली असल्या ठिकाणी जातात का?" असा एक सूर. इकडं मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीनं मला अगदी आपुलकीनं विचारलं, "अगं, पण तिला घेतलं कसं त्यांनी?" मला दोन्ही प्रश्न सारखेच लागले. दोन्हींमागं एकच गोष्ट धरून चाललेली आहे, की ती जागा तिची नाही. मी म्हणते, आहे. ही पोस्ट तिला विचारून, तिला वाचायला देऊन टाकतेय.

गावाकडच्या मैत्रिणींसाठी आधी थोडक्यात सांगते. सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलींची संघटना. नाव ग्रीक अक्षरांचं, मोठ्या विद्यापीठांत बहुतेक स्वतःचं घर, घरात स्वयंपाकी, एकत्र जेवण, दर आठवड्याला बैठक, समाजकार्यासाठी निधी गोळा करणं, आणि वर्गणी भरपूर. ही परंपरा 1851 साली जॉर्जियातल्या मेकन इथल्या वेस्लियन कॉलेजपर्यंत मागं जाते. जुन्या 26 संघटनांची शिखर संस्था, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, 1902 पासून आहे. नाचगाण्याचा क्लब म्हणून सोरोरिटीला मोडीत काढू नका. पहिली इंटर्नशिप कुणाच्या ओळखीनं मिळते, परक्या शहरात भाड्यानं खोली कोण शोधून देतं, चाळिशीत नोकरी गेली तर फोन कुणाला करायचा, हे इथल्या कितीतरी बायकांच्या आयुष्यात सोरोरिटीतून ठरतं. कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात असताना अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्य झाल्या. 1908 साली निघालेली कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिली सोरोरिटी. 2020 साली त्या उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा याच संघटनेतल्या बायका देशभर त्यांच्या पाठीशी होत्या. आपल्या मुलींनी अशा ओळखीपाळखीपासून लांब राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या मुलींना दुसरं काय देणार तेही सांगावं.

आता "घेतलं कसं" याबद्दल. हा प्रश्न विचारणं चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याला इतिहास आहे. जुन्या सोरोरिटी गोऱ्या, प्रोटेस्टंट मुलींच्या होत्या. ज्यू मुलींना आत घेत नव्हते, म्हणून 1909 साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी अल्फा एप्सिलॉन फाय काढली. कॅथलिक मुलींचीही तीच गत, म्हणून 1912 साली मिशिगन विद्यापीठात थीटा फाय अल्फा निघाली. हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. 2013 साली अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्रानं बातमी छापली की उत्तम गुणांच्या कृष्णवर्णीय मुलीला एकाही पारंपरिक सोरोरिटीनं घेतलं नाही. आतल्या मुली घ्यायला तयार होत्या, पण जुन्या सदस्य बायकांनी अडवलं. देशभर बोभाटा झाला, मोर्चा निघाला, तेव्हा कुठं दार किलकिलं झालं.

ज्यांना दारातून आत घेतलं नाही त्यांनी आपापली घरं बांधली. 1998 साली ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलींनी कप्पा फाय गॅमा सुरू केली. आपल्या कितीतरी देशी घरांतल्या मुली तिथं आहेत. उत्तर कॅरोलायनातल्या एका कॉलेजात इमानी अब्दुल-हक या हिजाब घालणाऱ्या मुलीला सोरोरिटीत जायचं होतं, तिच्या वाट्याला परकेपणाच आला. मग तिनं आणि तिची आई अल्थिया कॉलिन्स यांनी 2005 साली 'गॅमा गॅमा काय' (Gamma Gamma Chi) ही पहिली इस्लामी सोरोरिटी काढली, आणि तिचं दार बिगर-मुस्लिम मुलींनाही उघडं ठेवलं. पुढं 2016 साली, आमच्याकडून गाडीनं सहज जाता येईल अशा डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात, म्यू डेल्टा अल्फा ही मुस्लिम मुलींची सोरोरिटी निघाली.

"बघा, म्हणजे शेवटी वेगळी चूल मांडलीच ना" असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी आमच्या कोल्हापूरला नेते. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंग 1906 चं. महाराजांना जातिभेद हवा होता म्हणून ती काढली, असं कोल्हापुरात कुणी म्हणणार नाही. पोराला शहरात राहायला छप्पर नाही, खानावळीत पंगतीला कुणी बसवत नाही, तोवर "सगळे एकत्र शिका" हे नुसतं बोलणं राहतं. माझे आजोबा गडहिंग्लजकडच्या खेड्यातून येऊन त्या बोर्डिंगात राहिले, मॅट्रिक झाले आणि जन्मभर मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं सगळ्या जातीची. बोर्डिंगानं त्यांना समाजापासून तोडलं नाही, समाजात नेऊन उभं केलं. मुस्लिम मुलींच्या वेगळ्या सोरोरिटीकडं मी त्याच नजरेनं बघते, आणि माझ्या भाचीच्या विद्यापीठात ती असती तर तिथं जा म्हणूनही सांगितलं असतं.

पण तिथं ती नाही. मुस्लिम विद्यार्थ्यांची संघटना, एमएसए, आहे आणि भाची तिथं पहिल्या वर्षापासून जाते. तरी तिला सोरोरिटी हवी होती. तिचं म्हणणं सरळ होतं: "खाला, माझ्या वर्गातल्या, माझ्या मजल्यावरच्या मुली तिथं आहेत. त्यांच्याशी मैत्री करायला मी मागच्या दारानं का जाऊ?"

भरतीच्या आठवड्याला इथं रश म्हणतात. टेक्सासचा ऑगस्ट, अंग भाजून काढणारं ऊन, आणि मुली एका घरातून दुसऱ्या घरात रांगेनं चाललेल्या. दार उघडलं की आतल्या मुली दारात दाटीवाटीनं उभ्या राहून टाळ्या वाजवत गाणं म्हणतात. मग एकेक जण तुम्हाला आत घेऊन जाते आणि काही मिनिटं गप्पा मारते. दर फेरीनंतर घरं आपल्या यादीतून काही मुलींची नावं कमी करतात, मुली काही घरांची. या गप्पांबद्दल एक सल्ला सगळ्यांना दिला जातो: मुलगे, दारू, पैसा, राजकारण आणि धर्म, यांवर बोलायचं नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं. बाकीच्या मुली धर्म गप्पांबाहेर ठेवू शकतात. हिचा धर्म हिच्या आधी खोलीत शिरलेला असतो, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. समोरची हसून "तुझा मेजर (मुख्य विषय) काय?" विचारते आणि नजर मात्र स्कार्फवर. एका घरात तर तिच्याशी बोलायला आलेली मुलगी सगळा वेळ बाजूच्या मुलीशीच बोलली. त्या रात्री तिनं मला फोन केला, खूप रडली, आणि सकाळी पुन्हा इस्त्रीचा कुर्ता घालून रांगेत उभी राहिली.

ज्या घरानं तिला शेवटी निवडलं, तिथं तिनंच विषय काढला होता. शपथविधी गुपित असतो, मजकूर आधी दाखवत नाहीत. तिनं विचारलं, "मला माझ्या श्रद्धेविरुद्ध काही म्हणावं लागणार आहे का? तसं असेल तर आत्ताच सांगा, मी राग धरणार नाही." अध्यक्ष मुलीनं वरिष्ठांना विचारून उत्तर दिलं: देवाचं नाव आहे, पण कुठल्या एका धर्माचं नाही, आणि जे म्हणवत नसेल तिथं गप्प राहायची मुभा आहे. दुसरा प्रश्न फोटोचा. सगळ्या सदस्यांचे चेहरे एका मोठ्या चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. त्यासाठी फोटोग्राफर खांद्यावर काळं मखमली कापड देतो, गळा आणि खांदे उघडे राहतील असं. हिनं काळा बंद गळ्याचा टॉप आणि काळा हिजाब घालून फोटो काढला. चौकटीत लांबून बघितलं तर वेगळं काही दिसतही नाही.

आणि रमजान. उशिरा येणाऱ्या मुलींसाठी घरातला स्वयंपाकी नावाची चिठ्ठी लावून ताट झाकून ठेवतो, त्याला लेट प्लेट म्हणतात. लॅबमुळं, खेळामुळं उशीर होणाऱ्यांची ती जुनीच सोय. यंदा रमजानभर एक ताट हिच्या नावाचं होतं, आणि स्वयंपाकी तिला विचारून त्यात हलाल नसलेल्या मांसाऐवजी मासे किंवा राजमा ठेवायचा. पहिल्या रोज्याला खोलीतली मैत्रीण मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, तिच्याबरोबर उपाशी बसली. हे ऐकून माझी आपा, म्हणजे भाचीची आई, पहिल्यांदा सोरोरिटीबद्दल चार शब्द बरे बोलली.

दारूचं काय, असं खानदानातले विचारतात. विचारायलाच हवं. त्या 26 संघटनांच्या घरांत साधारणपणे दारूला मनाई असते. दारू वाहते ती मुलांच्या अशाच संघटनांच्या, म्हणजे फ्रॅटर्निटींच्या घरांत, आणि तिथल्या पार्ट्यांत मुलींवर जे प्रसंग गुदरतात ते मी हलक्यानं घेत नाही. कपड्यांवरून, अंगावरून होणारी तुलनाही खरी आहे. घरात राहिलं तर खर्च वर्षाला काही हजार डॉलरवर जातो, हेही खरं. पण या गोष्टी मुस्लिम मुलींपुरत्या नाहीत, सगळ्या मुलींच्या आहेत. त्या पार्ट्यांना जायचं नाही हे माझी भाची स्वतः ठरवते, आणि न जाणाऱ्या आणखी मुली तिला त्याच घरात सापडल्या. त्यात एक बॅप्टिस्ट पाद्र्याची मुलगी आहे. शनिवारी रात्री दोघी मिळून पिझ्झा मागवतात.

हिजाब न घालणाऱ्या मुलींचं दुखणं वेगळं, आणि त्यावर आपण फारच कमी बोलतो. ओळखीतली एक मुलगी अशीच सोरोरिटीत होती. नाव वाचून कुणाला कळलं नाही, स्कार्फ नव्हता. मुस्लिमांबद्दल मुली तिच्यासमोर काय काय बोलायच्या! प्रत्येक वेळी तोंड उघडायचं की गिळायचं, हे तिला एकटीला ठरवावं लागायचं. तिनं शेवटी सोडलं. तिच्या आईवडिलांनी "आम्ही सांगितलं होतं" एवढंच ऐकवलं. त्या वेळी तिला कुशीत घ्यायला हवं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न मुलीला विचारणं थांबवा आणि त्या घराला विचारा. पोरगी शरीफ आहे का, हे आपल्याला माहीत आहे. शपथेत काय आहे, रोज्याला जेवायची सोय काय, कुणी अपमान केला तर तक्रार कुणाकडं करायची, न प्यायल्याबद्दल कुणी टोमणे मारतं का, नमाजला बैठकीतून उठलं तर चालेल का, एकूण खर्च लेखी किती, ही उत्तरं आधी मागा. नीट मिळाली तर खुशाल जाऊ द्या आणि वर्गणीचे पैसे तोंड वाकडं न करता भरा. नाही मिळाली तर त्या घरात तिनं का जावं?

ऑगस्ट आला की पुन्हा रश सुरू होईल. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन, कुठंही असा, तुमच्या घरात हा वाद चालू असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. फोनवर बसू, भाचीलाही घेऊ, ती आनंदानं तयार आहे. फक्त तुमच्या मुलीला त्या फोनवर बरोबर घ्या. ती खोलीत नसताना मी तिच्याबद्दल बोलणार नाही.