कारोलुसचा फेटाळलेला अर्ज

पहिलं छापील वर्तमानपत्र कुणाचं, असं विचारलं की बरेच जण गुटेनबर्गकडे बोट दाखवतात. पण त्याची खिळाछपाई, म्हणजे धातूची सुटी अक्षरं (खिळे) जुळवून छापण्याची पद्धत, युरोपात रुळल्यावरही साप्ताहिक बातमीपत्र निघायला दीडशे वर्षं गेली. ते काढलं स्ट्रासबुर्गच्या योहान कारोलुसनं, 1605 मध्ये. नुसता छापखाना असून भागत नाही, हे आपल्या गोव्यातही दिसतं. तिथं मुद्रणयंत्र आलं 1556 मध्ये, वर्तमानपत्र निघालं 1821 मध्ये!

कारोलुस मूळचा बाइंडर आणि पुस्तकविक्रेता. व्हेनिस, रोम, प्राग, व्हिएन्नाहून टपालानं येणाऱ्या बातम्या तो हातानं नकलून श्रीमंत वर्गणीदारांना विकायचा. टपाल दर आठवड्याला यायचं, वर्गणीदारही ठरलेले होते. वेळ जायचा तो नकला करण्यात. मग त्यानं बरेच पैसे घालून एक जुना छापखाना विकत घेतला आणि तोच मजकूर खिळ्यांत जुळवायला लागला. त्याची खरी अक्कल मला इथे दिसते.

काम मात्र सोपं नव्हतं. कागद आदल्या दिवशी ओलवून दाबाखाली ठेवायचा. कोरडा राहिला तर शाई नीट धरत नाही, फार ओला झाला तर अक्षर फुटतं. शाई जवसाच्या उकळलेल्या तेलाची आणि काजळीची. एक जण लोकर भरलेल्या कातडी गोळ्यांनी ती खिळ्यांवर थापणार, दुसरा दांडा ओढणार. शाई जास्त झाली की 'e' आणि 'a' यांची पोटं बुजतात. फर्मा, म्हणजे जुळवलेले खिळे एकत्र धरणारी चौकट, सैल आवळला तर उचलताना ओळी गळून पडतात, आणि टपाल उशिरा आलं असेल तर पुन्हा जुळवायला वेळच नसतो. दोघांचा हात चांगला बसलेला असला तर ताशी दोन-अडीचशे ताव, तेही एकाच बाजूचे.

अंकात मथळे नसायचे. गावाचं नाव आणि तारीख, खाली बातमी. 1609 च्या सप्टेंबरात व्हेनिसहून आलेली गॅलिलिओच्या दुर्बिणीची बातमीही अशीच आहे.

दुसऱ्यांनी आपला मजकूर छापू नये म्हणून त्यानं नगरपरिषदेकडे अर्ज करून संरक्षण मागितलं. ते नाकारलं गेलं. सर्वांत जुने उपलब्ध अंक 1609 चे, ते हायडेलबर्गला आहेत. 1605 चा एकही अंक उरलेला नाही. ते साल आपल्याला कळतं ते त्याच अर्जामुळे: बारा अंक छापून झालेत, असं त्यानं त्यात लिहिलं होतं.