पुन्हा तेच, ओझं जास्त झालंय!

फॉलआउट ४ या व्हिडिओ गेममध्ये वजनाची जी काय सिस्टीम आहे ना तिने खरंच डोकं फिरवलंय माझं. गेमच्या गोष्टीत २०७७ साली अणुबॉम्ब पडले, आपण २२८७ मध्ये बंकरमधून बाहेर येतो, सगळं जग भंगार झालंय, आणि त्या भंगारातूनच बंदुकीचे पार्ट, भिंती, दिवे सगळं बनवायचं. मग भंगार उचलायचं नाही तर काय करायचं?? स्क्रू हवेत म्हणून टेबल फॅन उचल, चिकटपणासाठी डक्ट टेप उचल, टाइपरायटर पण घे, आणि तेवढ्यात स्क्रीनवर मेसेज, ओझं जास्त झालं. झालं, धावणं बंद, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसऱ्या जागी पोचणं) बंद, अख्खा नकाशा गोगलगायीसारखा चालत पार करा. वजनाची मूळ मर्यादा २०० आणि स्ट्रेंग्थच्या, म्हणजे ताकदीच्या, प्रत्येक पॉइंटला फक्त १० वाढणार, तेवढ्यात काय होतंय? आणि साध्या मोडमध्ये हजारो गोळ्यांचं वजन शून्य! मग माझ्या पंख्यानेच काय घोडं मारलंय? सोबत्याकडे सामान द्यावं तर दोन मिनिटांत त्याचं पण पोट भरतं. शेवटी अर्धा तास इन्व्हेंटरी उघडून बसायचं, हे टाकू की ते टाकू, आणि जे टाकलं नेमकं तेच वस्तू बनवायच्या पुढच्या वर्कबेंचला लागणार, दर वेळी, एकदाही चुकलेलं नाही. ओझ्यासकट फास्ट ट्रॅव्हल करू देणारा स्ट्राँग बॅक नावाचा पर्क (लेव्हल वाढली की घेता येणारं खास कौशल्य) आहे, पण ती सोय त्याच्या चौथ्या रँकला, तोवर काय करायचं? मला ते उजाड जग फिरायचंय, त्यातली पडकी घरं बघायचीत, हमाली नाही करायची!!