टाय रॉडचे सतरा फेरे

सीताबर्डीच्या गर्दीत वळताना स्टिअरिंगमधून 'कट कट' येऊ लागलं की मी जॅक काढतो. पुढचं चाक उचलायचं, घड्याळातल्या तीन-नऊवर हात ठेवून हलवायचं. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बहुधा टाय रॉड एंड: स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं बॉलचं टोक. बारा-सहावर जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग, म्हणजे खिशाला मोठं भोक. रबरी बूट फाटलेला दिसला तर मात्र खटलाच संपला: ग्रीस बाहेर, धूळ आत.

काम सकाळी सातलाच सुरू करावं. मे महिन्यात नागपुरात नऊनंतर पाना उचलायलाही फडकं लागतं. गाडी स्टँडवर टेकवा. जॅकला आपली काही पडलेली नसते.

आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं बरं. चेक नट, म्हणजे एंडला रॉडवर जागच्या जागी धरणारा नट, पाव फेरा ढिला करायचा तो एंड अजून नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या लोखंडी तुकड्यात, घट्ट असतानाच. नंतर सगळंच गरगर फिरतं. मग खुंट्याच्या नटाला अडवणारी स्प्लिट पिन, जी सरळ होण्याऐवजी तुटते. मुकुटासारखा नट पूर्ण काढू नका, दोन-चार आट्यांवर राहू द्या, आणि नकलच्या ज्या कानात एंडचा खुंटा बसतो त्याला बाजूने सणसणीत हातोडी हाणा. खुंट्याच्याच टोकावर मारणारे आटे चेपून बसतात. निमुळता खुंटा 'टण्ण' करून सुटतो, आणि त्या आवाजावर शेजारचे काका हजर.

"काय करून राहिला बे?"

नेमके तेव्हाच, एंड रॉडवरून फिरवून काढताना, फेरे मोजायचे असतात; नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवायचा. पंधरा, सोळा...

"काहून, मेकॅनिक नाही भेटला का?"

सतरा, की अठरा? एका फेऱ्याला एंड साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर सरकतो. तेवढ्याने चाकाचं तोंड फिरतं आणि टायर घासायला लागतं. म्हणून बॉलच्या मध्यापासून चेक नटपर्यंतचं अंतर मी टेपने आधीच मोजून लिहून ठेवतो. नवा एंड जुन्याइतकाच लांब निघेल याचीही खात्री नसते.

नट कसताना खुंटाच फिरू लागला तर खालून जॅकचा हलका दाब द्यावा. पिनेचं छिद्र जुळलं नाही तर नट थोडा पुढे कसावा, मागे कधीच नाही. पिन नवीच.

एवढं करून वर्धा रोडला लागावं, तर गाडी सरळ आणि स्टिअरिंग बजाजनगरकडे. चाकांची दिशा जुळवायला, म्हणजे अलाइनमेंटला, जावंच लागतं. तिथला पोरगा पहिल्याच मिनिटाला चेक नट ढिला करतो आणि माझे सतरा फेरे पुसून टाकतो.