ती कोण होती?

परवा पाऊसगाण्यांच्या कार्यक्रमाला गेले होते. निवेदक माईकवर आले, आवाज जड केला आणि म्हणाले, "आता ऐकूया, प्रेयसी सोडून गेलेल्या एका कवीची व्यथा." आणि वाद्यवृंदानं सुरू केलं काय, तर ग्रेस यांचं 'ती गेली तेव्हा रिमझिम'!

मी वाट बघत बसले. पहिल्याच कडव्यात गायकानं स्पष्ट शब्दांत म्हटलं, "ती आई होती म्हणुनी". पुढे "संपले बालपण माझे" आणि मग खिडकीवरचा तो धुरकट, एकटा कंदील. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून डोलत होते, बहुधा कॉलेजातली कुणी आठवत असावी. हृदयनाथांची चाल आहेच तशी, शब्दांकडे लक्षच जाऊ देत नाही. पण अहो, अंगणात उभं राहून आपलं लहानपण संपलेलं बघणारं पोर आहे ते!

मध्यंतरात निवेदकांना गाठून हे सांगितलं. ते हसले. "ताई, पावसाचं आहे ना? मग झालं तर."

गाण्यामागच्या गोष्टींचं आपल्याला भारी वेड. कवीनं कुणासाठी लिहिलं, कुठल्या हॉटेलात, सिगारेटच्या पाकिटावर की बसच्या तिकिटावर... असले फॉरवर्ड रोज येतात. त्यातले निम्मे कुणीतरी घरबसल्या रचलेले असतात असा माझा दाट संशय आहे. खरी गोष्ट गाण्यातच असते, ती मात्र कानामागे जाते. हे सगळीकडचंच म्हणा. 'द पोलिस' या ब्रिटिश बँडचं १९८३ सालचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लोक लग्नात वाजवतात. ते गाणं पाळत ठेवणाऱ्या माणसाचं आहे, हे ते लिहिणारा-गाणारा खुद्द स्टिंग सांगून थकला.

काही गाण्यांना मात्र मागची गोष्ट कळली की धार चढते. सावरकरांचं 'सागरा प्राण तळमळला' घ्या. साल १९०९, ब्रायटनचा किनारा. मोठ्या भावाला, बाबारावांना, काळ्या पाण्याची शिक्षा झालेली. मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्यावर गोळ्या झाडलेल्या. अशा दिवसांत सावरकर समुद्रासमोर उभे आहेत. नुसती मायदेशाची आठवण नाही ती, चक्क भांडण आहे. याला लवकर परत आणून सोडतो, असा शब्द तू माझ्या आईला दिला होतास. मी त्यावर विश्वासलो, आणि आता फेसाच्या आडून हसतोस? आंग्लभूमीला भितोस म्हणून माझ्या आईला अबला समजून फसवतोस?

शेवटी तर थेट दम आहे. थांब, माझी आई अबला नाही, ती अगस्तीलाच सांगेल, ज्यानं तुला एका आचमनात पिऊन टाकलं होतं!

शाळेत आम्ही हे गाणं दर पंधरा ऑगस्टला म्हणायचो. बाई बजावायच्या, "शेवटी आवाज कापरा करा गं, डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे." अगस्तीच्या ओळीला आम्ही तीस जणी इमानेइतबारे मुसमुसायचो. समुद्राला काडीची भीती वाटली नसणार.