दगड असून भागत नाही

शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तेच. "जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडलंय, मग चीनचे पाय कशाला धरायचे? खणा आणि मोकळे व्हा!" लिहिणारा माझ्याच बाकावरचा, सावंतवाडीत ई-स्कूटर विकतो. एप्रिल २०२५मध्ये चीननं रेअर अर्थच्या, म्हणजे चुंबकांना लागणाऱ्या धातूंच्या, निर्यातीवर परवाने लादले, मोटरींची चुंबकं अडकली, तेव्हापासून तो चिडलाय. राग खरा आहे, पण हिशेब चुकीचा आहे. लिथियम बॅटरीला लागतं, चुंबकाला नव्हे.

शिवाय ते ५९ लाख टन खनिज आहे, तेही अनुमानित. शुद्ध लिथियम नव्हे. फेब्रुवारी २०२३मध्ये आकडा जाहीर झाला तेव्हा पेढे वाटल्यासारखे मेसेज आले. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारच मिळाले नाहीत, तेव्हा ग्रुप गप्प!

मी ऑस्ट्रेलियात, क्विनानातल्या कारखान्यात, लिथियम शुद्ध करायच्या कामावर आहे. ग्रीनबुशेसच्या खाणीतून येणारा स्पोड्युमिनचा, म्हणजे लिथियमच्या खनिजाचा, चुरा हातात घेतला तर ओल्या रेतीसारखा लागतो. शंभर किलोत जेमतेम सहा किलो लिथियम ऑक्साइड. हजार अंशांच्या वर भाजायचा, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पुन्हा तापवायचा, पाण्यात उतरवायचा, गाळायचा, स्फटिक पाडायचे. रात्रपाळीत तापमान जरा घसरलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. खरी विद्या इथे आहे. खाणीतून जगात सर्वांत जास्त लिथियम काढणारा हा देश, तरी बहुतेक चुरा जहाजं भरून चीनलाच पाठवतो. रेअर अर्थचं बघा, जपानकडे तर त्याची खाणही नाही. २०१०मध्ये चीननं पुरवठा रोखला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इथल्या लायनस या रेअर अर्थ कंपनीत पैसा ओतला. आपल्याकडेही जानेवारी २०२५च्या क्रिटिकल मिनरल मिशनमध्ये प्रोसेसिंग पार्क आहेत. त्यावर ग्रुपवर कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

मला हे इतकं का झोंबतं? माझे बाबा रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीवर डंपर चालवायचे. आईनं वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत तांबडे व्हायचे. माल बंदरात जायचा, जहाज निघून जायचं, गावात उरायचा तो खड्डा. नुसता दगड विकणं म्हणजे काय, हे मी अंगणात बसून पाहिलंय.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीत आलं: "मग तू ये ना, शिकव आमच्या पोरांना."

मुलीचं इयर इलेव्हन आहे, मॉर्गेज आहे. दोन्ही कारणं खरी आहेत. "आपल्याकडे अशी भट्टी पेटली की येतो," असं लिहिलं होतं. मग खोडलं. येईन की नाही, हे मलाच सांगता येत नाही, आणि त्याला खोटं सांगवत नाही.